राजूरच्या कातळातले होकायंत्र

अकोले तालुक्यातील राजूरहून भंडारदऱ्याकडे जाताना डोंगरउतारांवर काळ्या कातळाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईची बांधणीही अशीच पायऱ्यापायऱ्यांची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे हे थर. ते थंड होत असताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांत कायमची कोरली गेली. तिच्यावरून ही भूमी पुढे किती सरकली आणि किती वळली, हे मोजता येते. या शास्त्राला पुराचुंबकत्व म्हणतात.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचे सूक्ष्म कण असतात. ५८० अंश सेल्सियसच्या वर मॅग्नेटाइटचे चुंबकत्व टिकत नाही. लाव्हा त्याखाली निवू लागला, की हे कण पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरतात आणि सोडत नाहीत. या दिशेचे दोन कोन असतात. उत्तरेपासूनचा कल म्हणजे दिक्पात, तर क्षितिजापासूनचा कल म्हणजे नती. नतीवरून अक्षांश कळतो, कारण ती विषुववृत्तावर शून्य आणि ध्रुवावर ९० अंश असते. दिक्पातावरून भूमी वळली का, हे कळते.

दख्खनच्या खडकांची अशी मोजणी १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी प्रसिद्ध केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासमवेत हे काम पुढे नेले. खंड सरकतात, ही कल्पना तेव्हा अनेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. निष्कर्ष मात्र बोलका होता. लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी सुमारे २५ ते ३० अंश दक्षिण अक्षांशावर होती. राजूर आज साडेएकोणीस अंश उत्तरेला आहे. शिवाय दिक्पात उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे २५ अंश ढळलेला आढळतो, म्हणजे उपखंड घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळला. भूमी नव्हे, ध्रुवच सरकला असेल, ही शंका रास्त होती. पण तसे असते तर युरोपातील त्याच सुमाराच्या खडकांतही तेवढाच फरक दिसायला हवा होता. तो दिसत नाही.

हीच पद्धत प्रस्तरभंगालगतच्या लहान भूखंडांनाही लागू पडते. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून विरुद्ध दिशांनी सरकतात. तळहातांमध्ये पेन्सिल धरून हात चोळले की ती फिरते, तसे मधले तुकडे फिरतात. त्या भागातील इतर डोंगररांगा वायव्य-आग्नेय धावत असताना ट्रान्सव्हर्स रेंजेस तेवढ्या पूर्व-पश्चिम का, हे कोडे यामुळेच उलगडले. १९८० च्या सुमारास लुएंडाइक आणि सहकाऱ्यांनी तेथील मायोसीन काळातील ज्वालामुखीय खडकांत मोठे, काही ठिकाणी काटकोनाच्या आसपासचे वळण दाखवून दिले. भूकंपशास्त्राला याचे महत्त्व आहे. प्रस्तरभंगाच्या रेषेवर किती घसरण झाली एवढेच मोजले आणि तुकड्यांचे फिरणे हिशेबात घेतले नाही, तर भूकवचाच्या हालचालीचा अंदाज चुकतो.

फिरणे ओळखायला न फिरलेल्या जागेची दिशा हाताशी लागते. सह्याद्रीत दूरदूरच्या ठिकाणी मिळालेल्या दिशा मोठ्या प्रमाणावर एकमेकींशी जुळतात. येथे तुकडे सुटे फिरलेले नाहीत, उपखंड एकसंध वळला आहे. म्हणूनच भारतीय भूपट्टाच्या कडेवरील, हिमालयाच्या पायथ्याजवळच्या खडकांचे वळण ठरवताना द्वीपकल्पाकडूनच आधाररेषा घ्यावी लागते.

मोजणीत खाचखळगेही बरेच. चुंबकीय क्षेत्र शतकाशतकाला थोडे भटकते, त्यामुळे एका थरावर विसंबता येत नाही. अनेक थरांची सरासरी घ्यावी लागते. सह्याद्रीतील थरांचा मोठा भाग पृथ्वीचे ध्रुव उलटलेले असताना साचला, तेव्हा बाण दक्षिणेकडे दिसला म्हणून गोंधळून चालत नाही. पनवेलजवळ थर पश्चिमेकडे झुकले आहेत. तो झुकाव आधी वजा करावा लागतो. आणि कळसूबाईसारख्या उघड्या माथ्यांवर वीज कोसळते, तेव्हा तिच्या प्रवाहाने खडकातील जुनी दिशा पुसली जाते. त्यामुळे नमुन्यांसाठी शिखरापेक्षा रस्त्याच्या कापात किंवा खाणीत उघडा पडलेला ताजा कातळच संशोधकांना अधिक भरवशाचा वाटतो.