हें गाणें कोणाचें?

गेल्या वैशाखांत एका लग्नानिमित्त आमचें सारें कुटुंब दापोली तालुक्यांतील बुरोंडीस जमलें होतें. खालीं समुद्रावर मच्छिमारांच्या होड्या विसावलेल्या, आणि इकडे मांडवांत मुलांनीं ‘गुलाबी साडी’ हें गाणें लावून नाच आरंभिलेला. ठेका यंत्राचा, पण चाल आपल्या मातीच्या ओळखीची. ओटीवरून सासूबाईंनीं विचारलें, “गाणं कोणाचं रे हें?” मुलांना शब्दन् शब्द पाठ, कर्त्याचें नांव मात्र एकालाहि सांगतां येईना!

तो कर्ता म्हणजे जळगांव जिल्ह्यांतील तरुण संजू राठोड. गीत लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा तो एकच. ‘नऊवारी’ या गाण्यानें त्याची ओळख झाली होती. २०२४ च्या आरंभीं ‘गुलाबी साडी’ प्रसिद्ध झालें आणि कोणत्याहि चित्रपटाचा आधार नसतां घरोघरीं पोंचलें. वाद्यमेळ जी-स्पार्क या त्याच्या सहकाऱ्याचा.

कोणी म्हणेल, जात्यावरच्या ओव्यांना तरी कर्त्याचें नांव कोठें होतें? खरें आहे; पण ओवीचा बाजार नव्हता. गाणें विकलें जाऊं लागलें, तेव्हांपासून नांवाला मोल आलें. १९०२ सालीं कलकत्त्यास आपल्याकडील पहिल्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. त्या काळीं गोहरजान गाण्याच्या शेवटीं स्वतःचें नांव मोठ्यानें सांगत असे. तबकडी परदेशीं छापली जाई; तेथील कारागिरांस गाणारी कोण, हें कळावें कसें?

गाणाऱ्याचें नांव असें राहिलें. लिहिणाऱ्याच्या पदरीं मात्र बहुधा एकरकमी बिदागीच पडे. गाणें पुढें कितीहि वाजो, त्याला त्याचें कांहीं नसे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती झाली, ती याचसाठीं. आतां गीतकारानें वा संगीतकारानें इतर हक्क विकले, तरी स्वामित्वधनांतील आपला समान वांटा त्याला वारसांवांचून किंवा त्यांच्या संस्थेवांचून दुसऱ्या कोणास लिहून देतां येत नाहीं. असा वांटा गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून आहे.

तथापि कायद्यानें पोट भरतेंच असें नाहीं. स्वतंत्र गायकास ना पगार, ना निवृत्तिवेतन; एक गाणें गाजलें तरी दुसरें गाजेल याची हमी नाहीं. म्हणून घरांतील एखाद्या मुलानें हा मार्ग धरला, तर त्याला हिणवूं नये. पण करारावर सही करण्यापूर्वीं तो वडिलधाऱ्यांनीं अवश्य वाचावा. आणि दुसऱ्याचें गाणें आपण आनंदानें ऐकतों, तर कर्त्याचें नांव ठाऊक करून घेणें, एवढें तरी आपल्या हातीं आहेच.

त्या सायंकाळीं धाकट्या पुतण्यानें मोबाइलवर शोधून नांव वाचून दाखविलें. सासूबाई म्हणाल्या, “हं, आतां लाव पुन्हां.”