पार्लरच्या भिंतीवरचा परवाना नेमकं काय सांगतो?

पुण्यात किंवा ठाण्यात ब्युटी पार्लर काढायचं तर एखादा कोर्स केलेला असावा, गाळा मिळावा, दुकानाची नोंदणी व्हावी, पालिकेचे कागद पुरे करावेत, की पाटी लावता येते. आयब्रो करणाऱ्या किंवा केस कापणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावाने राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. अमेरिकेत लागतो, आणि तो प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं. कॅलिफोर्नियात येऊन राहिलेल्या मराठी घरांत त्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. ‘परवाना आहे म्हणजे हात चांगला असणार’, ‘बोर्डाकडे तक्रार केली की पैसे परत मिळतात’, ‘घरात करतो त्याला काय परवाना’, ‘इन्स्पेक्टर आला की दुकान बंद’. अशा ऐकीव माहितीवर विसंबून कुणी पायाला गळवं आणते, तर कुणी हातातलं काम घालवून बसते. म्हणून हे जरा तपशिलात सांगते.

ज्याला सगळे नुसतं ‘स्टेट बोर्ड’ म्हणतात त्याचं पूर्ण नाव कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ बार्बरिंग अँड कॉस्मेटॉलॉजी. १९२७ मध्ये बार्बरांसाठी एक आणि कॉस्मेटॉलॉजीसाठी एक अशी दोन वेगळी मंडळं स्थापन झाली, आणि १९९२ मध्ये ती एकत्र आली. पार्लरवाल्यांनी पार्लरवाल्यांसाठी चालवलेली ही संघटना आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बोर्ड राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाखाली येतं, आणि त्याच्या सदस्यांत व्यवसायातल्या लोकांपेक्षा बाहेरचे, सर्वसामान्य नागरिकांचे प्रतिनिधी जास्त असतात. त्याचं पहिलं काम ग्राहकाची सुरक्षितता हे आहे. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं की पुढचे बरेचसे नियम आपोआप उलगडतात.

‘परवाना आहे म्हणजे हात चांगला’

या परवान्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत ठरलेले तास भरावे लागतात. केस, त्वचा, नखं असं सगळं करू देणाऱ्या कॉस्मेटॉलॉजिस्टच्या परवान्याला पूर्वी १,६०० तास लागत. १ जानेवारी २०२२ पासून नवा कायदा लागू झाला आणि ते १,००० वर आले. बार्बरलाही आता १,००० तास पुरतात. त्वचेचं काम करणाऱ्या एस्थेटिशियनला ६०० आणि नखांचं काम करणाऱ्या मॅनिक्युरिस्टला ४०० तास लागतात. फक्त केसांचं काम करायचं असेल त्यांच्यासाठी ६०० तासांचा हेअरस्टायलिस्टचा नवा परवानाही याच कायद्याने आणला.

याच कायद्याने प्रात्यक्षिक परीक्षा काढून टाकली. आज परवाना मिळतो तो शाळेचे तास आणि लेखी परीक्षा यांवर. समोरची मुलगी फ्रिंज सरळ कापेल की नाही, याची खात्री त्या कागदातून मिळत नाही. कात्री दोन ग्राहकांच्या मध्ये कशी धुवायची, कोणतं रसायन त्वचा भाजतं, कोणत्या त्वचेला हात लावायचा नाही, हे तिला शिकवलेलं आहे आणि विचारलेलं आहे, एवढं मात्र तो सांगतो. माझ्या मते हे एवढंही फार मोलाचं आहे. बिघडलेला केसांचा कट महिन्या-दोन महिन्यांत वाढून जातो. पायाला झालेला संसर्ग तसा जात नाही.

हे मी उगीच म्हणत नाही. २००० साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एका नेल सलूनमध्ये पेडिक्युअर करून गेलेल्या शंभराहून अधिक बायकांच्या पायांवर गळवं आली. ती लवकर बरी होईनात, महिनोन्‌महिने चिघळत राहिली, डाग ठेवून गेली. आरोग्य खात्याच्या तपासात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू सापडला. पाय बुडवून ठेवायच्या त्या फसफसत्या टबमध्ये पाणी आत खेचणारी एक जाळी असते. ती जाळी काढून मागे पाहिलं तर तिथे केस आणि त्वचेच्या कणांचा थर साचला होता. टब वरून पुसला जात होता, पण जाळीच्या मागे कुणाचा हात गेला नव्हता. आणखी एक गोष्ट पुढे आली. पेडिक्युअरला जाण्याआधी ज्यांनी पायांवरून रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता, कारण रेझरच्या बारीक ओरखड्यांतून जंतू आत शिरतो.

बोर्डाच्या नियमांत आज टबबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना वॉटसनव्हिल आठवतंच. प्रत्येक ग्राहकानंतर पाणी सोडायचं, जाळी आणि सुटे होणारे भाग काढायचे, ब्रश आणि साबणाने घासायचे, धुवायचे, मग टब पुन्हा भरून त्यात जंतुनाशक घालून किमान दहा मिनिटं पाणी फिरवत ठेवायचं, आणि या सफाईची नोंद वहीत करायची. ती वही दाखवा म्हणायला ग्राहकाने संकोचू नये. पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी पायांवर वस्तरा फिरवू नका, हे मी प्रत्येक मैत्रिणीला सांगते.

अवजारांची गोष्टही अशीच. काउंटरवर निळ्या पाण्याची बरणी दिसली की आपण निश्चिंत होतो. नियम सांगतो की कंगवा किंवा कात्री त्यात टाकण्याआधी केस काढून साबणाने धुऊन कोरडी करायची, मग पूर्ण बुडेल अशी ठेवायची, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पुरा होऊ द्यायचा. पाणी गढूळ दिसलं तर ते बदललंच पाहिजे. निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवलेली अवजारं निर्जंतुक झाली असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. बोर्ड ते निर्जंतुकीकरण मानत नाही. वॅक्स लावायची लाकडी पट्टी, नखं घासायची कागदी फाइल अशा धुता न येणाऱ्या वस्तू एकदा वापरून टाकूनच द्यायच्या. टाचेची घट्ट त्वचा ब्लेडने कापणं तर सरळ बेकायदा आहे, ग्राहकाने स्वतः आग्रह केला तरी.

‘आयब्रोला परवाना लागत नाही, मग बाकीच्याला कशाला?’

यातलं पहिलं वाक्य कॅलिफोर्नियात खरं आहे, म्हणूनच दुसरं जास्त घातक ठरतं. दोऱ्याने केस काढण्याचं काम, म्हणजे थ्रेडिंग, इथल्या राज्याच्या कायद्याने परवान्याच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. भुवयांचे वाढलेले केस त्या ओघात कात्रीने नीट करणंही त्यात बसतं. पण आयब्रो झाल्यावर आपल्याकडे सवयीने प्लकर उचलतात आणि राहिलेले दोन-चार केस उपटतात, तिथे सवलत संपते. चिमट्याने केस काढणं हे परवान्याचं काम आहे. अपर लिपला दोऱ्याऐवजी वॅक्स लावलं तरी तेच. फेशियल, ब्लीच, केस रंगवणं ही सगळी परवान्याचीच कामं आहेत. दोरा धरणारी बाई एकच असते, पण दोरा ठेवून दुसरी वस्तू हातात घेतली की ती वेगळ्या कायद्यात जाते. मेंदी काढायला बोर्डाचा परवाना लागत नाही. मात्र ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकतात त्यात बरेचदा केसांच्या रंगातलं रसायन असतं आणि त्याने फोड येतात. गणपतीत लहान मुलींच्या हातांवर ती काढू देऊ नये.

थ्रेडिंगची सवलत सगळ्या अमेरिकेत आहे, असंही धरून चालू नये. टेक्सासमध्ये एके काळी दोऱ्याने आयब्रो करणाऱ्यांकडूनही एस्थेटिशियनच्या परवान्याची अपेक्षा होती. त्यासाठी ७५० तासांचं शिक्षण लागे, आणि त्यात दोऱ्याचं काम नावालाच होतं. काही थ्रेडिंग करणारे आणि दुकानदार कोर्टात गेले. पटेल विरुद्ध टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन या खटल्यात जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या ७५० तासांपैकी जवळपास ३२० तासांचा थ्रेडिंगशी संबंध नाही, हे राज्यालाच मान्य करावं लागलं होतं. शिकायची फी भरा, त्या काळात कमाई बुडवा, आणि शिका ते कामाला न येणारं, हा बोजा न्यायालयाला अवाजवी वाटला. आपल्या गल्लीतली, आई-आजीच्या पिढीपासून चालत आलेली कला एका परक्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात असा न्याय मिळवते, याचं मला मनापासून कौतुक आहे. परवान्यांविषयी बोलताना हीही बाजू धरायला हवी. जंतूंपासून वाचवणारा नियम आणि निव्वळ वाट अडवणारा नियम यांत फरक करता आला पाहिजे.

‘घरातल्या घरात करतो’

पैसे न घेता बहिणीचे केस कापले तर बोर्डाला काही म्हणायचं नाही. पैसे घेतले की परवाना दोन ठिकाणी लागतो, काम करणाऱ्या व्यक्तीला आणि जागेला. घरात सलून काढता येतं, पण त्या खोलीला घरापासून वेगळा, बाहेरून येणारा दरवाजा हवा आणि ती खोली राहण्यासाठी वापरायची नाही. हॉलमध्ये सोफा सरकवून ठेवलेली खुर्ची यात बसत नाही.

इथे आपल्या बायकांना थेट लागू पडणारी एक गोष्ट आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्या अनेकींच्या हातात उत्तम कला असते. परवाना मिळवायला ग्रीन कार्ड लागतं असं त्यांना वाटतं. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या कायद्यानुसार सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर करदात्याचा आयटिन क्रमांक चालतो आणि व्हिसाच्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. पण परवाना मिळाला म्हणजे काम करण्याची मुभा मिळाली, असं नाही. ती मुभा केंद्र सरकार देतं, वेगळ्या कागदावर. एच-४ वाल्यांपैकी काहींना २०१५ पासून ती मिळू शकते, सगळ्यांना नाही. थ्रेडिंगला बोर्डाची सवलत असली तरी त्यातून केलेली कमाई इमिग्रेशनच्या नजरेत कामच ठरते, पैसे रोख घेतले तरीही. बोर्डाची सवलत दाखवून कुणी तुम्हाला ‘बिनधास्त कर’ म्हणत असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. यात पणाला लागतं ते सगळ्या घराचं इथलं राहणं.

परीक्षेच्या भाषांत इंग्रजीबरोबर स्पॅनिश, व्हिएतनामी आणि कोरियन आहेत. हिंदी नाही, मराठीही नाही. इंग्रजीत शिकून ती देणाऱ्या आपल्या मुलींना घरच्यांनी वेळ आणि आधार द्यावा.

‘इन्स्पेक्टर आला की दुकान बंद’

बोर्डाचा इन्स्पेक्टर न कळवता येतो. त्याने ओळखपत्र दाखवलं की त्याला आत येऊ देणं बंधनकारक आहे. तो भिंतीवरचे परवाने पाहतो, बरण्या पाहतो, खण उघडतो, टबची वही मागतो. चुका सापडल्या तर बहुतेक वेळा दंडाची नोटीस निघते, आणि ती दुकानाच्या मालकावर आणि काम करणाऱ्या व्यक्तीवर वेगवेगळीही निघू शकते. नोटीस मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. ते बोर्डाच्या सदस्यांच्या समितीपुढे जातं, आणि तिथलाही निर्णय पटला नाही तर प्रशासकीय न्यायाधीशापुढे दाद मागता येते. अनेक जणी घाबरून मुदत घालवतात आणि मग काहीच हातात उरत नाही. नोटीस आली की आधी तारीख पाहावी.

परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची वाट त्याहून लांब असते. गंभीर निष्काळजीपणा, फसवणूक, वारंवार तेच उल्लंघन अशा प्रकरणांत राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयामार्फत आरोपपत्र दाखल होतं, न्यायाधीशापुढे सुनावणी होते, आणि शेवटचा शब्द बोर्डाचा असतो. कधी परवाना जातो, कधी अटी घालून तो चालू ठेवला जातो. इन्स्पेक्टर म्हणून येऊन किंवा फोन करून जो जागच्या जागी पैसे मागतो तो बोर्डाचा माणूस नाही. त्याला एक डॉलरही देऊ नये, थेट बोर्डाला कळवावं.

‘तक्रार केली की पैसे परत’

पैसे परत मिळवून देणं, भाव ठरवणं, उद्धटपणाबद्दल माफी मागायला लावणं, यांतलं काहीच बोर्डाच्या हातात नाही. रंग मनासारखा उतरला नाही तर आधी दुकानदाराशी बोलावं, न जमल्यास स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. बोर्ड ऐकतं ते इजा, अस्वच्छता, परवान्याशिवाय चालणारं काम आणि गंभीर अकुशलतेबद्दल.

कुठल्या कामाला कोण जबाबदार, हेही माहीत असलेलं बरं. बोटॉक्सची सुई किंवा लेझर कॉस्मेटॉलॉजिस्टच्या परवान्यात येत नाही, ते वैद्यकीय काम आहे. मायक्रोब्लेडिंग, म्हणजे भुवयांवर टोचून रंग भरणं, कायद्याने टॅटूच्या वर्गात मोडतं आणि त्याची नोंदणी काउंटीच्या आरोग्य खात्याकडे होते. पार्लरच्या भिंतीवर बोर्डाचा परवाना लटकतो आहे आणि आतल्या खोलीत लेझरचं मशीन चालू आहे, असं दिसलं तर तो परवाना त्या मशीनसाठी नाही हे ओळखावं.

परवाना खरा की खोटा हे ग्राहक व्यवहार विभागाच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून कुणालाही फुकट पाहता येतं. परवाना चालू आहे का, बोर्डाने त्यावर शिस्तभंगाची कारवाई केली आहे का, हे तिथे दिसतं. भाजलं, फोड आले, गळू झालं, तर आधी डॉक्टरकडे जा आणि त्यांना पार्लरमध्ये काय केलं ते नेमकं सांगा. जखमेचे फोटो त्याच दिवशी काढा, बिलाची पावती जपून ठेवा, वापरलेल्या बाटलीचं नाव आठवत असेल तर लिहून ठेवा, आणि मग बोर्डाकडे तक्रार करा. वॉटसनव्हिलमध्ये गळवं घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या बायकांमुळेच आरोग्य खातं त्या टबच्या जाळीपर्यंत पोचलं.