पाटीवरचे गणित

आम्हां बडोदेकरांना पुस्तकाशी एकट्याने बसून शिकण्याचे अप्रूप नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. आता पेटीच्या जागी मोबाइल आला आहे. घरातला मुलगा म्हणतो, ‘शिकवणी नको, माझे मी शिकेन.’ त्याला काय उत्तर द्यावे? अशा वेळी आम्हांस कुंभकोणमचे रामानुजन आठवतात.

१९०३ च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, त्यांच्या हाती कार नावाच्या इंग्रज लेखकाचे एक गणिताचे पुस्तक आले. त्यात हजारो सूत्रे होती, पण ती सिद्ध करून दाखविण्याचे काम बहुतेक वाचकावरच सोडलेले. दुसरा विद्यार्थी कंटाळून गेला असता. रामानुजन मात्र एकेक सूत्र स्वतः पडताळीत गेले आणि पुढे कुणी न शिकविलेली नवी सूत्रे त्यांना सुचू लागली. शिक्षक समोर असता, तर कदाचित त्याने ‘हे अभ्यासक्रमात नाही’ म्हणून थांबविले असते!

पण या शिक्षणाची किंमतही त्यांनी मोजली. इतर विषय मागे पडले, शिष्यवृत्ती गेली, एफ. ए. ची परीक्षा कधीच पार पडली नाही. युरोपात पूर्वीच सिद्ध झालेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी पुन्हा नव्याने शोधल्या. त्या झाल्या आहेत, हे सांगणारे जवळ कोणी नव्हते. कागद महाग, म्हणून गणित पाटीवर करावयाचे, कोपराने पुसावयाचे आणि वहीत उत्तर तेवढे उतरावयाचे. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. त्यातील काही सूत्रांनी हार्डी थक्क झाले. मूळ संख्यांविषयीचा दावा मात्र चुकीचा होता. हार्डींनी सिद्धता मागितली. १९१४ साली रामानुजन केंब्रिजला गेले, तेव्हा त्यांना काय शिकवावे आणि काय मुद्दाम शिकवू नये, हीच हार्डींची चिंता होती. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

सगळीच मुले रामानुजन नसतात, हे आम्ही जाणतो. पाटी पुसण्याची सवय मात्र बहुतेकांना असते. म्हणून मुलाला एकट्याने शिकू द्यावे, पण आठवड्यातून एकदा कुणा जाणत्याने शेजारी बसून म्हणावे, ‘उत्तर राहू दे, रीत दाखव.’