कंपवात आणि दृष्टी

हात कापू लागला म्हणजे कंपवाताची शंका येते. परंतु वाचताना अक्षरे दुहेरी दिसू लागली, तर आपण चष्म्यालाच दोष देतो. नवा चष्मा येतो, तक्रार तशीच राहते. आणि एके दिवशी रोगी वाचनच सोडून देतो. असे का व्हावे?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले. यात मेंदूतील डोपामीन हे द्रव्य कमी पडते व हालचाली मंदावतात. डोळेही स्नायूंनीच हलतात. जवळचे पाहताना ते दोन्ही नाकाकडे वळावे लागतात. पुरेसे न वळल्यास एका ओळीच्या दोन दिसतात. पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडून दृष्टी अंधुक होते. दृष्टिपटलातही डोपामीन असते. ते घटले की फिकट छटांतील भेद नीट कळत नाही, आणि पायरीची कड हरवते.

यांवर उपाय आहेत. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब, दुहेरी दिसण्यावर लोलकाची भिंगे उपयोगी पडतात. वाचण्याचा व चालण्याचा चष्मा वेगळा असावा. एकाच चष्म्यात दोन्ही नंबर असल्यास जिना उतरताना पायरी अंधुक दिसते. पायऱ्यांच्या कडांवर ठळक रंगाचा पट्टा ओढावा. नसलेली माणसे दिसू लागल्यास रोग्याला हसू नये. तो रोगाचा किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांगावे, औषध मात्र परस्पर बंद करू नये.

चष्मा तपासावाच, पण नेत्रतज्ज्ञांना कंपवाताविषयी अवश्य सांगावे. तेवढ्याने मिटलेले पुस्तक पुन्हा उघडू शकेल.