शिरूर-दौंड भागात क्रूझर घेताय?
शिरूरहून न्हावरा, चौफुलामार्गे दौंडला जायला मीटिअर 350 मला सर्वांत योग्य वाटते. इंजिन 349 सीसी, टॉर्क 27 न्यूटन-मीटर, तोही 4000 आरपीएमलाच. त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरमागे रेंगाळतानाही सारखा गिअर बदलावा लागत नाही. सीट 765 मिमी उंच, पाय सहज टेकतात. सुपर मीटिअर 650 देखणी आहे खरी, पण 241 किलोंची! काळ्या मातीच्या चिखलात ती सावरणं अवघड. शिवाय सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के, त्याहून मोठ्या इंजिनाला 40. गाळप हंगामात अंधार पडल्यावर वेग आवराच. कित्येक ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो. आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवंच.