घाट ओलांडून आलेल्याला वर्गात घेताना

गाव ते विद्यापीठ : लेखांक सहावा

खर्डीच्या मुलांना दोन विद्यापीठे सारखीच जवळची आहेत. कल्याणकडे जाणारी लोकल धरली, तर आसनगाव, शहापूर, कल्याण इथली कॉलेजे लागतात. ती मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतात. उलट दिशेने कसाऱ्याला उतरून घाट चढला, की इगतपुरी आणि नाशिक. तिथला कारभार सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा. ही हद्द फार जुनी नाही. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये नाशिकला कॉलेज काढले, तेव्हा तिथल्या मुलांना पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि कसारा घाट शिक्षणाच्या नकाशावरही आडवा आला.

घाट ओलांडून मध्येच कॉलेज बदलण्याची वेळ येते ती बहुधा घरच्या कारणाने. मुलगी मामाकडे राहून नाशिकला प्रथम वर्ष करते, मग घरी आई आजारी पडते आणि तिला खर्डीहून रोज जाता येईल असे कॉलेज हवे असते. कुणाला वसतिगृहाचा खर्च झेपेनासा होतो. याखेरीज दुसरा, बराच मोठा गट आहे तो डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा. मंजूर जागांच्या दहा टक्के जादा जागा त्यांच्यासाठी असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांना मिळतात. दोन्ही गटांची अडचण एकच: वर्ग वर्षभर आधी जमलेला असतो आणि हे त्यात मागून येतात.

कागदपत्रांचे आधी उरकून टाकू. विद्यापीठ बदलत असेल तर जुन्या कॉलेजचा दाखला म्हणजे टीसी, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, हे लागतेच. नवे विद्यापीठ पात्रता मंजूर करेपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो. ही पात्रता रखडली तर परीक्षेच्या वेळी अडचण उभी राहते. म्हणून मायग्रेशनचा अर्ज नव्या कॉलेजात नाव लागण्याची वाट न पाहता आधीच करून ठेवावा.

यानंतर येतो विषयांचा प्रश्न, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही सोय आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट तिथे त्याच्या खात्यात जमा राहतात. त्यामुळे पुष्कळ पालकांचा समज होतो की नाशिकचे क्रेडिट कल्याणला आपोआप चालतील. तसे होत नाही. खात्यात क्रेडिट असणे आणि नव्या विद्यापीठाने ते आपल्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचे हे ठरवणे, या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीला समकक्षता लागते. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर मायनर, कौशल्याचे विषय, खुले ऐच्छिक असे कितीतरी तुकडे आले. मुख्य विषय वनस्पतिशास्त्र आणि मायनर प्राणिशास्त्र घेऊन आलेल्या मुलीला नव्या कॉलेजात ती जोडीच मिळत नाही, असे होऊ शकते. तेव्हा प्रवेशाच्या आधीच विभागप्रमुखांसमोर बसून जुना अभ्यासक्रम आणि नवा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवावा, आणि काय धरले जाईल, काय पुन्हा करावे लागेल, हे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन देणारे प्राध्यापक परीक्षेच्या वेळी त्याच कॉलेजात असतीलच असे नाही.

डिप्लोमावाल्यांचे दुखणे निराळे आहे. त्यांचा हात वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये चांगला चालतो, प्रॅक्टिकलला ते पुष्कळदा वर्गाच्या पुढे असतात. अडते ते गणितात. तिसऱ्या सत्राच्या गणितात लाप्लास रूपांतर, फूरिए श्रेणी येतात आणि शिकवणारे पहिल्या वर्षाचे गणित झाले आहे असे धरूनच चालतात. अशा विद्यार्थ्यांसाठी गणितासारख्या विषयांचे पूरक वर्ग घ्यावेत, असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे सांगणे आहे. पण प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, शेवटच्या फेरीतला मुलगा येतो तोवर तिसरे सत्र सुरू होऊन गेलेले असते, आणि पूरक वर्ग घ्यायला सवडच उरत नाही. माझ्या मते हे वर्ग सत्र संपेपर्यंत दर शनिवारी चालायला हवेत. सुरुवातीचे आठ दिवस घेऊन बंद केलेल्या वर्गाचा उपयोग जे वेळेवर आले त्यांनाच होतो.

अमेरिकेत जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये दोन वर्षांच्या कॉलेजातून विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांचा मागोवा घेतला. नव्या जागी पहिल्या सत्रात त्यांचे गुण घसरतात आणि बहुतेकांचे पुढे सावरतात, असे त्यांना दिसले. आपल्याकडच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते. पहिल्या सत्रात एखादी केटी लागली की घरात लगेच ‘उगीच बदलले कॉलेज’ सुरू होते. मुलगा आधीच खचलेला असतो. त्याला एक सत्र द्या.

आणि खर्डीच्या मुलाला तर गाडीही सांभाळायची असते. कल्याण सुमारे पन्नास किलोमीटर. कसारा मार्गावर लोकल मोजक्या, एक चुकली की पुढचीला तासभरही थांबावे लागते. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्थानकात रुळांवर पाणी आले आणि गाड्या थांबल्या होत्या. नवीन मुलगा पहिल्या लेक्चरला उशिरा येतो, शेवटचे प्रॅक्टिकल अर्धवट टाकून निघतो, कारण पुढची गाडी घरी फार उशिरा पोचवते. कॅन्टीनमधल्या गप्पा, ग्रंथालयातली बैठक, नाटकाची तालीम, ओळखी जिथे होतात ते सगळे लेक्चर संपल्यावरचे आहे, आणि नेमक्या त्याच वेळी हा प्लॅटफॉर्मवर असतो. शिक्षकांना तो बेफिकीर वाटतो. विभागाने प्रवेशाच्या दिवशीच एवढे विचारावे: कुठून येतोस, गाडी कितीची? मग प्रॅक्टिकलची बॅच ठरवताना त्याला दुपारची आधीची वेळ देता येते. पासाची सवलतही सांगायला हवी. घर ते कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा पास मुलींना पदवीपर्यंत रेल्वे विनामूल्य देते. त्यासाठी कॉलेजच्या कार्यालयाचा दाखला लागतो. मध्येच आलेल्या मुलीला हे सांगणारे कुणी नसते, कारण ही माहिती सुरुवातीच्या दिवसांत वर्गात सांगून झालेली असते.

स्वागताच्या सगळ्याच व्यवस्थेचे असे आहे. तंत्रशिक्षण परिषदेचा तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम, विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१९ चा ‘दीक्षारंभ’, दोन्ही प्रथम वर्षाच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले. दुसऱ्या वर्षाला आलेल्यासाठी वेगळा समारंभ नको, दोन माणसे पुरतात. एक शिक्षक, ज्याचे नाव आणि फोन नंबर प्रवेशाच्या दिवशीच हातात मिळेल. आणि एक वर्गमित्र, शक्यतो त्याच गाडीने येणारा. वासिंद, आसनगाव, आटगावची मुले त्या लोकलला असतातच. जोडी लावताना शाखेबरोबर स्टेशनही पाहिले, तर जर्नल कुणाचे पाहायचे, सबमिशनला कुठले सर काय विचारतात, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला सांगून नाव घालून घ्यायचे, हे सगळे प्रवासातच कळते.

रोल नंबरचीही एक गोष्ट. मागून आलेल्यांचे नंबर यादीच्या शेवटी लागतात, आणि बॅचेस नंबराप्रमाणे पाडल्या की सगळे नवीन एकाच बॅचमध्ये जातात. वर्षभर ते ‘डिप्लोमावाले’ म्हणूनच ओळखले जातात आणि आपसातच राहतात. काहींना त्यात आधार वाटतो, हे खरे. पण जुन्या मुलांकडच्या गणिताच्या वह्या आणि यांच्याकडचा वर्कशॉपचा अनुभव एकमेकांपर्यंत पोचतच नाही. यादी आहे तशी राहू द्यावी, बॅच मात्र प्रत्येकीत दोन-तीन नवीन मुले येतील अशी पाडावी. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, खर्चही येत नाही. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाने एका दुपारी बसून करावे एवढेच ते काम आहे.

पुढील आठवड्यात : वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची स्वयंम् योजना, आणि शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात अर्ज करताना काय काय लागते.