कोरडी थंडी आणि ओली थंडी

दिवाळी सरली, कार्तिक उतरणीला लागला, की मांजरी परिसरातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात दोन प्रश्न हमखास येतात : यंदा थंडी किती पडणार, आणि धुके आले तर पिकाचे काय होणार? त्यातच उत्तरेकडे हिमवर्षाव झाल्याचे वृत्त आले म्हणजे काळजीत भर पडते. ही काळजी रास्त आहे. परंतु थंडीच्या सर्व रात्री सारख्या नसतात, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. एका रात्री पाणी दिल्याने पीक वाचते, तर दुसऱ्या रात्री तेच पाणी रोगाला आमंत्रण देते. यास्तव कोणती रात्र कोणत्या प्रकारची, हे सूर्यास्तापूर्वी ओळखता येणे अगत्याचे आहे.

हिमवर्षाव तेथे, गारठा येथे

मांजरीत बर्फ पडत नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी कधी कधी जे पांढरे कण दिसतात, तेही आकाशातून पडलेले हिम नसून गोठलेले दव असते. तथापि, हिमालयातील हिमवर्षावाचा आपल्या शेताशी संबंध आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे थंड प्रदेशातील वादळी आवर्त हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकते. त्यामागून कोरडे व गार उत्तरेचे वारे मध्य भारतावर पसरतात, आणि खानदेश, नाशिक ओलांडून पुण्यापर्यंत पोहोचतात. याउलट, बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येऊ लागले की आकाश ढगाळते आणि गारठा कमी होतो. म्हणूनच आपल्याकडील थंडी सलग राहत नाही. ती लाटेलाटेने येते.

डिसेंबरात पुण्याचे किमान तापमान सर्वसाधारणपणे ११ ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी होऊन ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली गेले, तर हवामान विभाग त्यास थंडीची लाट म्हणतो. पुण्याच्या बाबतीत हा आकडा सुमारे ७ अंश येतो. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड येथे पारा २ अंशांच्याही खाली उतरला आणि तेथील द्राक्ष बागायतदारांची झोप उडाली.

सांगितलेला आकडा आणि पिकाची थंडी

दिवसा जमीन सूर्याची उष्णता साठविते व रात्री ती आकाशाकडे सोडते. आकाशात ढग असल्यास ते घोंगडीप्रमाणे ही उष्णता अडवितात. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, तर उष्णता विनाअडथळा निघून जाते व पाने हवेपेक्षाही अधिक निवतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हवामान वार्तेत सांगितलेले तापमान जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेले असते. पुण्यातील कृषिहवामान विभागाचे आद्य प्रवर्तक डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ साली आपल्या सहकाऱ्यासह असे दाखवून दिले की, शांत व निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार थर अगदी मातीला लागून नसून तिच्या थोडासा वर असतो. म्हणजे रोपवाटिकेतील रोपे ज्या उंचीवर डोलतात, नेमका तोच हा थर. वार्तेत ७ अंश सांगितले असता रोपाच्या शेंड्यास त्याहून कमी तापमान सोसावे लागते.

शिवाय गार हवा जड असल्याने पाण्याप्रमाणे उताराने सखल भागात जमते. एकाच पहाटे पाषाण व हवेली येथील तापमान मगरपट्टा भागापेक्षा काही अंशांनी कमी नोंदले जाते, हे पुण्यातील नोंदींवरून नेहमी दिसते. दाट वस्तीच्या भागात इमारती व रस्ते दिवसाची उष्णता धरून ठेवतात. २०२१ साली मांजरी बुद्रुकचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला असला, तरी मुळा-मुठेच्या काठची शेते अद्याप शेतेच आहेत. शहराच्या आकड्यावर त्यांनी विसंबू नये.

कोरड्या थंडीचे उपाय

निरभ्र, निवांत व कोरड्या रात्री मुख्य भय अतिगारठ्याचे असते. टोमॅटो, मिरची, वांगी व काकडीवर्गीय पिकांची कोवळी रोपे, तसेच केळी यांना ते विशेष जाणवते. द्राक्षाच्या मण्यांची वाढ मंदावते, आणि मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास दिवस व रात्रीच्या तापमानातील तफावत वाढल्यास हिरव्या जातींत मणी गुलाबी होण्याचा विकार दिसतो. यासाठी अनेक बागायतदार घडांना कागद बांधतात. उसाच्या डोळ्यांची उगवण लांबते. म्हणून ऐन लाटेत लागणीची घाई करू नये. गहू व हरभरा यांना मात्र माफक थंडी हितकारक असते.

अशा वेळी दुपारी किंवा सायंकाळी हलके पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठविते व रात्रभर ती वर सोडीत राहते. शिवाय विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेहून उबदार असते. विजेची पाळी मध्यरात्रीनंतरची असेल, तर आदल्या दिवसाच्या पाळीतच पाणी उरकून घ्यावे. रोपांचे वाफे सायंकाळी गोणपाटाने किंवा कापडाने झाकावेत आणि सकाळी ऊन पडताच उघडावेत.

आच्छादनाबाबत एक गैरसमज आहे. पाचटाचे कोरडे आच्छादन मुळांना ऊब देते व ओल टिकविते. परंतु जमिनीतील उष्णता वर येण्यास ते अडथळा करते, त्यामुळे त्यावरील पाने अधिकच निवतात. कोवळ्या रोपांच्या वाफ्यात लाटेपुरते आच्छादन बाजूस सारणे इष्ट. धुरावरही फार भरवसा ठेवू नये. शेकोट्या करावयाच्याच असतील, तर एका मोठ्या जाळापेक्षा बांधाकडेच्या अनेक लहान शेकोट्या बऱ्या. पाचट मात्र जाळू नये.

ओल्या थंडीचे उपाय

पाऊस होऊन गेल्यावर अथवा हवेत दमटपणा असता रात्र निवत गेली, म्हणजे दव व धुके पडते. धुके पडले की तापमान उतरण्याचा वेग मंदावतो. म्हणून या रात्री गारठ्याचे भय कमी. खरे भय पानांवर तासन्‌तास राहणाऱ्या ओलाव्याचे. द्राक्षावरील केवडा, टोमॅटो व बटाट्यावरील करपा, आणि कांद्यावरील जांभळा करपा यांच्या बुरशीस रुजण्यासाठी हाच ओलावा हवा असतो. द्राक्षावरील भुरीस पानांवर पाणी लागत नाही. तिला ढगाळ, दमट हवाच पुरते.

अशा दिवसांत सायंकाळचे पाणी, विशेषतः तुषार सिंचन, बंद ठेवावे. वेलींची दाटी विरळ करून हवा खेळती ठेवावी, रोगट पाने वेचून नष्ट करावीत, पाने वाळल्यावरच तोडणी करावी आणि शिफारस केलेले बुरशीनाशक वेळेवर वापरावे. द्राक्षासाठी मांजरी येथेच १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्याच्या सूचना प्रमाण मानाव्यात.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक उदाहरण देण्याजोगे आहे. नदीकाठच्या एका शेतकऱ्याने थंडीच्या लाटेत पाणी देऊन टोमॅटो वाचविले. पुढील आठवड्यात ढग आले, धुके पडू लागले. तरी त्याने तोच नेम चालू ठेवला. गारठ्यातून वाचलेले पीक करप्याने गेले. उपाय चुकीचा नव्हता. रात्र बदलली होती.

सायंकाळची पाहणी

ही रात्र ओळखण्यास महागडे साधन लागत नाही. दिवेलागणीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात :

१. आकाश निरभ्र आहे की ढगाळ?
२. चुलीचा धूर सरळ वर जातो की वाऱ्याने मोडतो?
३. त्या दिवशी सकाळी गवतावर दव होते की गवत कोरडे होते?
४. चार-पाच दिवसांत पाऊस झाला आहे काय?

आकाश निरभ्र, धूर सरळ, गवत कोरडे व पाऊस नाही, तर कोरडी रात्र समजून पाणी द्यावे व रोपे झाकावीत. सकाळी भरपूर दव किंवा नुकताच पाऊस असेल, तर ओली रात्र समजून पाणी थांबवावे व सकाळी पानांची तपासणी करावी. धूर वाऱ्याने मोडत असेल किंवा आकाश ढगाळलेले असेल, तर अतिगारठ्याचे भय थोडे. मात्र ढगाळ हवेत भुरीवर नजर ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एक किमान तापमापक सखल शेतात आणि दुसरा माळावर, पिकाच्या उंचीइतका टांगून दोन्हींची रोज पहाटे नोंद ठेवावी. हवामान वार्तेतील आकड्याशी ती ताडून पाहिल्यास आपले शेत त्या आकड्याहून किती अंशांनी गार असते, हे एका हंगामातच कळेल. ही वही पुढील वर्षी संपूर्ण गावाच्या उपयोगी पडेल.